समुद्र स्वस्त असूनही माल रस्त्यानेच का जातो?

मालधक्का (धागाकर्ता)

नमस्कार. महासागर न ओलांडता एकाच खंडाच्या किनाऱ्याने किंवा शेजारच्या देशांच्या बंदरांदरम्यान चालणारी जवळच्या पल्ल्याची सागरी मालवाहतूक आणि तिला जोडून येणारी रस्ता-रेल्वेची जोडवाहतूक, हा विषय धोरणपत्रिकांमध्ये वर्षानुवर्षे येतो आहे. युरोपीय आयोगाने २००१ च्या श्वेतपत्रिकेत 'समुद्री महामार्गां'ची कल्पना मांडली आणि रस्ते, रेल्वे व जलमार्ग यांच्यातील मालाची वाटणी २०१० पर्यंत निदान १९९८ च्या पातळीवर टिकवून धरायची, असे ठरवले. ते साधले नाही. त्यानंतर २०११ च्या श्वेतपत्रिकेने रस्त्याने ३०० किलोमीटरपेक्षा लांब जाणाऱ्या मालापैकी ३० टक्के माल २०३० पर्यंत आणि निम्म्याहून अधिक माल २०५० पर्यंत रेल्वे व जलमार्गांकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले. आधीचे उद्दिष्ट हुकले असताना पुढचे त्याहून मोठे ठेवले गेले, आणि ट्रक मात्र रस्त्यावरच राहिले.

माझे मत असे आहे की, समुद्रावरचा प्रवास हा या साखळीतील सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि तरीही बहुतेक धोरणे नेमक्या त्याच भागावर पैसा ओततात : जहाजांना अनुदान, नवे धक्के, नकाशावर नवे मार्ग. मालधन्याचा वेळ आणि पैसा जातो तो दोन्ही टोकांना, म्हणजे कारखान्यापासून बंदरापर्यंत, धक्क्यावरच्या चढ-उतारीत आणि कागदपत्रांत. एका रात्रीत समुद्र ओलांडलेला ट्रेलर पलीकडच्या बंदराच्या आवारात दुसरी रात्र उभा राहत असेल, तर पहिल्या रात्रीची सगळी बचत तिथेच संपते. शिवाय चढ-उतारीचा खर्च पल्ला लांब असो वा आखूड, तेवढाच येतो. त्यामुळे पल्ला जितका आखूड, तितका हा बोजा जास्त जाणवतो.

या क्षेत्रात काम करणाऱ्या आणि अभ्यास करणाऱ्या सभासदांना माझा प्रश्न असा आहे की, धोरणातील एकच गोष्ट बदलण्याची मुभा असेल, तर तुम्ही कोणती बदलाल, आणि का?

पाठवणूक

धागा काढल्याबद्दल आभार. मी माल पाठवणाऱ्यांच्या बाजूने काम करतो, म्हणून त्यांचा हिशेब मांडतो. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटते की मालधनी भाडे पाहून वाहतुकीचे साधन निवडतो. भाडे तो पाहतोच, पण त्याआधी 'माल ठरलेल्या दिवशी पोहोचेल का' हे पाहतो. कारखान्यातला माल गुरुवारी संध्याकाळी ऐवजी शुक्रवारी सकाळी तयार झाला, तर ट्रक शुक्रवारी सकाळी निघतो. जहाजाला आठवड्यातून दोनच फेऱ्या असतील आणि बंदरात माल पोहोचवण्याची मुदत गुरुवारी रात्री संपली असेल, तर तोच माल सोमवार किंवा मंगळवारपर्यंत पडून राहतो. ट्रकच्या बाबतीत अर्ध्या दिवसाचा उशीर अर्ध्या दिवसाचाच राहतो, तर जहाजाच्या बाबतीत त्याचे तीन-चार दिवस होतात. तेवढ्या दिवसांचा जादा साठा ठेवायचा म्हणजे गोदाम, विमा आणि अडकलेले भांडवल आले.

त्यामुळे माझे उत्तर आहे फेऱ्यांची वारंवारता. मोठे जहाज आठवड्यातून एकदा सोडण्यापेक्षा लहान जहाज रोज सुटणे मालधन्याला जास्त उपयोगाचे असते, जरी प्रत्येक कंटेनरमागे त्याचा खर्च थोडा अधिक आला तरी. धोरणाने टनांमध्ये क्षमता मोजणे थांबवून आठवड्याच्या फेऱ्या मोजायला सुरुवात करावी.

तिठा

चर्चा चांगली आहे, परंतु रस्ते वाहतुकीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून ती सुरू होऊ नये. ट्रकमालक डिझेलवर कर भरतो, टोल भरतो, वाहनकर भरतो. युरोपीय संघाच्या २००३ च्या ऊर्जा-कर निर्देशानुसार मालवाहू जहाजांच्या इंधनाला करातून सूट आहे. इतकी सवलत असूनही समुद्र मागे पडत असेल, तर दोष ट्रकचा नाही. दारापासून दारापर्यंत, एकाच माणसाच्या जबाबदारीवर आणि मध्ये एकदाही माल न हलवता पोहोचवणारी सेवा लोक निवडतात, यात आश्चर्य कसले?

आडाखा

तिठा, इंधनकराबद्दलचे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि जलवाहतुकीच्या समर्थकांनी ते मान्य करायला हवे. परंतु रस्त्याची खरी किंमत त्या करांतून वसूल होते असे म्हणता येत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या 'आशो' रस्ता चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा आहे की, रस्त्याची झीज वाहनाच्या आसावरील (ॲक्सलवरील) भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज सुमारे सोळापट होते. टोलचे दर या प्रमाणात क्वचितच वाढतात. अपघात, आवाज, धूर आणि खोळंबा यांचा खर्च तर वेगळाच.

स्वित्झर्लंडने मात्र हा हिशेब धीटपणे मांडला. आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेवर नेण्याचा निर्णय तिथल्या मतदारांनी १९९४ मध्ये सार्वमताने घेतला. २००१ पासून अवजड वाहनांवर अंतर, वजन आणि धुराची पातळी यांनुसार शुल्क लागू झाले, आणि त्या पैशाचा मोठा भाग गॉटहार्डसारख्या रेल्वे बोगद्यांवर खर्च झाला. त्याच सुमारास ट्रकची वजनमर्यादा २८ टनांवरून टप्प्याटप्प्याने ४० टनांवर नेली गेली, म्हणजे रस्ते वाहतूकदारांच्या पदरातही काही पडले. आज तिथे आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास माल रेल्वेने जातो. रस्त्याचा दर योग्य आणि पर्याय तयार, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हे जमले. एक असून दुसरी नसती, तर जमले नसते.

तिठा

स्वित्झर्लंडचे उदाहरण मला पटते, कारण तिथे आधी रेल्वेची सोय होती आणि तिच्यात भर पडत गेली. जिथे पर्याय नाही तिथे नुसते शुल्क वाढवले, तर माल हलत नाही, केवळ महाग होतो.

टपालखाते

धागाकर्त्यांनी कागदपत्रांचा उल्लेख एका शब्दात केला आहे, त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझे सगळे आयुष्य त्यातच गेले.

समजा, पोर्तुगालमध्ये तयार झालेला माल नेदरलँड्सला जायचा आहे. ट्रकने निघाला तर तो चार सीमा ओलांडतो, पण सीमाशुल्काच्या दृष्टीने तो युरोपीय संघाच्या हद्दीतून बाहेर जातच नाही, म्हणून कोणी काही विचारत नाही. तोच माल जहाजात चढला आणि जहाज किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडे गेले, की तो संघाच्या बाहेरून आला आहे असे गृहीत धरले जाते. माल मूळचा संघातलाच आहे हे पलीकडच्या बंदरात सिद्ध करावे लागते. त्यासाठी मालाच्या दर्जाचा, म्हणजे सीमाशुल्काच्या दृष्टीने तो संघातला असल्याचा, दाखला लागतो. त्यातला एखादा आकडा बीजकाशी जुळला नाही, तर कंटेनर बाजूला काढला जातो, त्याच्या क्रमांकापुढे 'रोखून ठेवला' अशी नोंद होते आणि दारात आलेला ट्रक रिकामा परत जातो. पुढच्या दिवशी ट्रक पुन्हा बोलवायचा, त्याचे भाडे पुन्हा द्यायचे आणि आवारात कंटेनर उभा राहिल्याचे शुल्क वेगळे भरायचे.

यावर 'नियमित जहाजसेवा' नावाची तोड आहे. जी जहाजे केवळ संघातल्या बंदरांमध्येच फिरतात, त्यांना परवाना मिळाला तर त्यांच्यावरील मालाचा दर्जा अबाधित राहतो. परंतु पुष्कळ जहाजे वाटेत संघाबाहेरच्या एखाद्या बंदराला लागतात, कारण तिथला माल घेतल्याशिवाय त्यांचा खर्च निघत नाही. त्यांना ही सवलत मिळत नाही. आयोगाने २०१३ मध्ये 'निळा पट्टा' या नावाने अशा जहाजांसाठीही तरतुदी सुचवल्या. कल्पना योग्य होती, अंमलबजावणी मात्र अतिशय धिमी झाली. माझी निवड हीच : एकाच बाजारपेठेत फिरणाऱ्या मालाला समुद्रातून गेल्याची शिक्षा होऊ नये.

नवखा_वल्हेकरी

हे अजिबात माहीत नव्हते. पण आता सगळे ऑनलाइन झाले आहे ना? मग अडचण कुठे राहिली?

टपालखाते

नवखा_वल्हेकरी, प्रश्न रास्त आहे. २०१० च्या निर्देशानुसार प्रत्येक सदस्य देशाने जहाजांकडून येणारी माहिती एकाच खिडकीतून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घ्यायची होती. देशांनी खिडक्या उघडल्या, परंतु प्रत्येकाने आपापल्या नमुन्याची. त्यामुळे तीन देशांच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजाला तीच माहिती तीन प्रकारांनी भरावी लागली. कागद गेला, पुनरावृत्ती राहिली. म्हणून २०१९ मध्ये नवा नियम करून सर्वांसाठी समान माहितीसंच ठरवण्यात आला आणि ऑगस्ट २०२५ पासून तो लागू झाला. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. ते धक्क्यापर्यंत किती उतरते, यावर बरेच अवलंबून आहे.

जुना_खलाशी

सर्वांचे प्रतिसाद वाचले. जहाजावरून हे सगळे कसे दिसते, तेही सांगतो.

लहान जहाजाला मोठ्या बंदरात मानाचे स्थान नसते. महासागर ओलांडून आलेले मोठे कंटेनर जहाज आणि आमच्यासारखे किनाऱ्याने फिरणारे जहाज एकाच वेळी आले, तर धक्का आणि क्रेन मोठ्या जहाजाला मिळतात, कारण बंदराचे उत्पन्न त्यावर असते. आम्ही बाहेर नांगर टाकून वाट पाहायची. मग वेळापत्रक भरून काढण्यासाठी पुढच्या टप्प्यात वेग वाढवायचा, आणि वेग वाढला की इंधन कसे उडते ते इंजिनवाल्यांना विचारा. इंजिनाची लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे बंदरात वाया गेलेल्या वेळाची किंमत समुद्रात मोजावी लागते.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. बंदरात शिरताना स्थानिक वाटाड्या घेणे बहुतेक ठिकाणी सक्तीचे असते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु जो कप्तान आठवड्यातून अनेकदा त्याच खाडीतून आत-बाहेर करतो, त्याला तिथली वाळूची पट्टी, भरतीचा ओढ आणि वळणे तोंडपाठ झालेली असतात. अशा कप्तानांना परीक्षा घेऊन वाटाड्यापासून सूट देणारे प्रमाणपत्र कित्येक देशांत मिळते. काही ठिकाणी मात्र त्याच्या अटी इतक्या जाचक असतात की कोणी त्या वाटेला जात नाही. एका बंदरात आम्हाला परीक्षा केवळ स्थानिक भाषेत देण्याची अट घातली गेली होती, आणि जहाजावरचे निम्मे अधिकारी तिथेच बाद झाले.

माझे मत : किनारी जहाजांसाठी वेगळा धक्का, मग तो आखूड असला तरी चालेल, आणि दर आकारताना त्यांच्या वारंवार येण्याची दखल.

पाठवणूक

जुना_खलाशी यांच्या अनुभवाला दुजोरा देतो. वेळापत्रक कोलमडण्याचे कारण आम्ही जहाज कंपनीला विचारतो, तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा उत्तर 'धक्का मिळाला नाही' असेच येते. वादळ हे कारण लोकांना वाटते तितके वारंवार येत नाही.

तागडी

आता अनुदानांकडे वळू, कारण धागाकर्त्यांचा मूळ आक्षेप त्यांवर होता.

युरोपीय संघाने रस्त्यावरचा माल इतर साधनांवर वळवण्यासाठी 'मार्को पोलो' कार्यक्रम राबवला, पहिला टप्पा २००३ ते २००६ आणि दुसरा २००७ ते २०१३. संघाच्या लेखापरीक्षा न्यायालयाने (संघाचा खर्च तपासणाऱ्या संस्थेने) २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. पुरेसे योग्य प्रस्ताव आले नाहीत, माल खरोखर किती वळला हे पडताळण्याजोगी माहिती नव्हती, आणि मदत मिळालेल्या अनेकांनी ती नसती तरी सेवा सुरू केली असती, असे त्यात आढळले. कार्यक्रम त्या स्वरूपात पुढे चालवू नये, अशी शिफारस झाली.

फ्रान्समधील नांत–सेंट-नाझेर ते स्पेनमधील खिखोन हा समुद्री महामार्ग २०१० मध्ये दोन्ही सरकारांच्या पाठबळाने सुरू झाला. ट्रकचालकांमध्ये तो लोकप्रियही होता. २०१४ मध्ये मदतीची मुदत संपली आणि सेवा बंद पडली. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वताच्या दोन्ही टोकांना ट्रकची रांग आधी होती तशीच राहिली.

इटलीने मात्र एक वेगळी वाट चोखाळली. तिथल्या 'इकोबोनस' योजनेत मदत जहाजमालकाला न देता, ठरावीक मार्गांवर ट्रक जहाजात चढवणाऱ्या रस्ते वाहतूकदाराला देण्यात आली. त्यामुळे कुठल्या सेवेला जगवायचे हे सरकारने नव्हे, तर गिऱ्हाइकाने ठरवले, आणि ज्या ट्रकमालकांना समुद्र प्रतिस्पर्धी वाटत होता तेच त्याचे ग्राहक झाले. पुढे 'मारेबोनस' योजनेत मदत पुन्हा जहाज कंपन्यांकडे गेली, पण त्यातील मोठा वाटा वाहतूकदारांपर्यंत सवलतीच्या रूपाने पोहोचवण्याची अट होती. माझ्या दृष्टीने पहिली रचना अधिक चांगली.

सागरसखी

तागडी, आपल्याशी अंशतः असहमत आहे. नवी जहाजसेवा सुरू होताना पहिली दोन-तीन वर्षे ती तोट्यात चालणार, हे सर्वांना ठाऊक असते. पुरेशा फेऱ्या नाहीत म्हणून माल येत नाही, आणि माल येत नाही म्हणून फेऱ्या वाढवता येत नाहीत. हा तिढा बाजार आपण होऊन सोडवत नाही, कारण पहिला धोका पत्करणाऱ्याने माल जमवून दाखवला की त्याच मार्गावर दुसरा जहाजमालक उतरतो आणि भाडे पाडतो. खिखोनच्या सेवेतून मला दिसतो तो धडा असा की, मदत ठरलेल्या तारखेला एकाएकी तोडू नये. ती फेऱ्यांच्या भरणाशी, म्हणजे जहाज किती भरते याच्याशी, जोडून हळूहळू कमी करावी, आणि त्याच काळात समांतर रस्त्यावरील शुल्क वाढवत न्यावे. रस्ता फुकट आणि समुद्र तात्पुरता स्वस्त, अशी मांडणी असेल तर शेवट ठरलेलाच आहे.

तागडी

शुल्क समांतरपणे वाढवण्याचा मुद्दा मान्य आहे. मात्र 'भरणाशी जोडलेली मदत' दिली की रिकामे ट्रेलर चढवून भरणा दाखवण्याचा मोह होतो. मोजणी मालाच्या वजनाची हवी.

साडेतेरा_मीटर

एका साध्या मापाकडे कोणी लक्ष दिलेले नाही. आंतरराष्ट्रीय मानकाचा कंटेनर बाहेरून ८ फूट, म्हणजे सुमारे २.४४ मीटर रुंद असतो आणि आतून सुमारे २.३५ मीटर. युरोपात सर्रास वापरले जाणारे पॅलेट (ज्यावर माल रचतात तो पाट) १.२ मीटर बाय ०.८ मीटरचे असते. दोन पॅलेट लांबीच्या बाजूने शेजारी-शेजारी ठेवायचे तर २.४ मीटर जागा लागते, आणि कंटेनरमध्ये ते जेमतेम पाच सेंटीमीटरने बसत नाहीत. मग ती आडवी-उभी करून बसवावी लागतात आणि जागा वाया जाते. ४० फुटी कंटेनरमध्ये अशी २४-२५ पॅलेट मावतात, तर रस्त्यावरच्या १३.६ मीटर लांबीच्या ट्रेलरमध्ये ३३. कुठलाही व्यापारी आठ पॅलेटचा तोटा सोसून समुद्राकडे वळणार नाही.

यावर तोडगा निघाला तो आतून किंचित रुंद केलेल्या ४५ फुटी कंटेनरचा. त्यात ट्रेलरइतकीच ३३ पॅलेट बसतात आणि तो जहाजातही रचता येतो, रेल्वेच्या डब्यावरही ठेवता येतो. रस्त्यावर मात्र त्याची लांबी नियमांच्या काठावर येत होती. वाहनांच्या मापांच्या युरोपीय नियमांतील २०१५ च्या दुरुस्तीने जोडवाहतुकीत तो वापरण्याची वाट मोकळी झाली. एवढ्याशा तरतुदीसाठी किती वर्षे गेली, हे पाहिले की वाईट वाटते. जहाजे आणि बंदरे यांच्यावर बोलणारे पुष्कळ, डब्याच्या मापावर बोलणारे फार थोडे.

नवखा_वल्हेकरी

पाच सेंटीमीटर! हा प्रतिसाद जपून ठेवणार आहे.

हिरवी_नोंद

पर्यावरणाच्या बाजूने एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते, कारण 'समुद्र म्हणजे हिरवा' हे समीकरण सरसकट खरे नाही. संथ चालणारे, पूर्ण भरलेले कंटेनर किंवा सुट्या मालाचे जहाज दर टन-किलोमीटरमागे ट्रकपेक्षा कितीतरी कमी कार्बन सोडते, यात वाद नाही. परंतु वेगाने धावणारे रो-रो जहाज, म्हणजे ज्यात वाहने चाकांवरच चढवतात-उतरवतात ते, मालाबरोबर ट्रेलरचे, आणि कधीकधी संपूर्ण ट्रकचे, वजन वाहते. ते अर्धे रिकामे असेल तर ट्रकवरची आघाडी बरीचशी संपते, आणि क्वचित उलटही होते. म्हणून धोरणाने साधनाला नव्हे, तर प्रत्यक्ष उत्सर्जनाला मोजावे.

दुसरे असे की, नियम एका साधनावर आधी आणि दुसऱ्यावर मागाहून लागले, तर माल उलट्या दिशेने वाहतो. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि इंग्लिश खाडीत १ जानेवारी २०१५ पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली, तेव्हा माल पुन्हा रस्त्यावर जाईल अशी भीती व्यक्त झाली होती. त्याच सुमारास तेलाचे भाव कोसळले म्हणून धक्का कमी बसला. आता २०२४ पासून ५,००० एकूण टनभार आणि त्यावरील जहाजे युरोपच्या उत्सर्जन-व्यापारात, म्हणजे सोडलेल्या कार्बनसाठी परवाने घेण्याच्या व्यवस्थेत, आली आहेत. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनासाठी परवाने द्यावे लागतात. रस्त्याच्या इंधनासाठीची वेगळी व्यवस्था त्यानंतर येणार आहे. मला जहाजांवरचे हे बंधन हवेच आहे, पण मधल्या वर्षांची तफावत धोरणकर्त्यांनी डोळ्याआड करू नये.

ध्वजवंदन

एक मूलभूत अडथळा राहून गेला : देशांतर्गत बंदरांमध्ये माल नेण्याचा हक्क कोणाला? अमेरिकेत १९२० च्या जोन्स कायद्यानुसार असा माल नेणारे जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे, अमेरिकी ध्वजाखालचे आणि प्रामुख्याने अमेरिकी खलाशी असलेले हवे. तिथे जहाजबांधणी अनेक पटींनी महाग आहे. शिवाय १९८६ पासून बंदरातून जाणाऱ्या मालाच्या किमतीवर देखभाल कर आहे (आता ०.१२५ टक्के), जो ट्रकने जाणाऱ्या देशांतर्गत मालाला लागत नाही. २००७ च्या ऊर्जा कायद्याने सागरी महामार्गांना उत्तेजन देण्याची योजना आणली, पण हे दोन्ही अडथळे जागेवर ठेवून. युरोपीय संघाने १९९२ चा नियम करून १९९३ पासून सदस्य देशांच्या जहाजांना एकमेकांच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मुभा दिली. भारताने २०१८ मध्ये परदेशी जहाजांना आयात-निर्यातीचे आणि रिकामे कंटेनर देशातील बंदरांमध्ये हलवण्याची सवलत दिली, आणि २०२५ मध्ये किनारी जहाजवाहतुकीचा स्वतंत्र कायदा केला.

जुना_खलाशी

ध्वजवंदन यांच्या मांडणीत खलाशांचा विचार यायला हवा. दारे सताड उघडली तर सर्वांत कमी पगार देणारा ध्वज जिंकतो, आणि किनाऱ्यावर काम करणारी अनुभवी माणसे एका पिढीत नाहीशी होतात. परदेशी बांधणीच्या जहाजाला मोकळीक द्यावी, पण त्यावरच्या माणसांना त्या किनाऱ्याचे वेतन आणि कामाचे तास लागू करावेत. ही मधली वाट शक्य आहे.

वकीलपत्र

जोडवाहतुकीत माल खराब झाला तर जबाबदार कोण, हा प्रश्न लहान मालधन्यांना रस्त्याकडेच ढकलतो. १९५६ च्या रस्ते वाहतूक करारानुसार भरपाईची मर्यादा दर किलोला ८.३३ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) एवढी आहे. सागरी वाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत ती दर किलोला २ किंवा दर नगाला ६६६.६७, यांतील जी जास्त असेल ती. शिवाय नौकानयनातील चुकीमुळे नुकसान झाले तर जहाजमालकाला सूट मिळते. सीलबंद कंटेनर उघडल्यावर माल फुटलेला दिसला, तर तो ट्रकवर फुटला, धक्क्यावर आपटला की लाटांनी हलला, हे सिद्ध कसे करणार? यासाठी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बहुसाधनी वाहतूक करार झाला. तो कधीच अमलात आला नाही. २००८ चे रॉटरडॅम नियमही पुरेशा देशांच्या मान्यतेअभावी अडकले आहेत. नुकसान कुठेही होवो, माल स्वीकारणारा एकच वाहक एकाच मर्यादेने जबाबदार, एवढे तत्त्व प्रादेशिक पातळीवर जरी स्वीकारले गेले, तरी मोठा फरक पडेल.

पाठवणूक

अगदी बरोबर. आमचे लहान ग्राहक विचारतात, 'फोन कोणाला करायचा?' ट्रकच्या बाबतीत याचे उत्तर एक नाव असते.

स्टेअरिंग

मी चालकांच्या बाजूने लिहितो. २००६ च्या युरोपीय नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे. जहाजात झोपायला बिछाना असेल तर समुद्रावरचा वेळ दैनिक विश्रांतीत धरला जातो, आणि चढण्या-उतरण्यासाठी ती दोनदा, मिळून एक तासापर्यंत, मोडता येते. म्हणजे चालक झोपतो आणि माल पुढे सरकत राहतो. परंतु बंदरातली रांग तासाच्या पलीकडे गेली की सगळी विश्रांती पहिल्यापासून मोजावी लागते. धक्क्यावरची अर्ध्या तासाची दिरंगाई कशी पूर्ण दिवस खाते, ते यातून दिसते.

जपानमध्ये एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. चालकांचा तुटवडा ओळखून सरकारने रेल्वे आणि फेरी, रो-रो जहाजांवरील माल सुमारे दहा वर्षांत दुप्पट करण्याचे ठरवले. चालकाविना नुसता ट्रेलर जहाजात चढवायचा आणि पलीकडे दुसऱ्या चालकाने तो घ्यायचा, ही पद्धत तिथे वाढते आहे. चालक रोज घरी झोपतो. माल समुद्राकडे वळवण्याचे याहून माणुसकीचे कारण मला तरी दिसत नाही.

तिठा

स्टेअरिंग यांचा हा प्रतिसाद रस्ते वाहतूकदारांच्या प्रत्येक संघटनेने वाचावा. चालकाविना ट्रेलरची पद्धत आली, तर आम्ही समुद्राचे विरोधक राहत नाही, त्याची दोन्ही टोके सांभाळणारे भागीदार होतो.

मालधक्का (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसादांतून वेगवेगळी उत्तरे आली, तरी जवळजवळ प्रत्येक उत्तर धक्क्याच्या आसपास येऊन थांबले, हे मला महत्त्वाचे वाटते. जुना_खलाशी आणि स्टेअरिंग यांनी वेगवेगळ्या बाजूंनी एकच वेळ मोजला आहे. माझी निवड आता अधिक नेमकी झाली आहे : सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक बंदराने लहान जहाजाला धक्का मिळायला आणि ट्रेलरला दाराबाहेर पडायला लागणारा वेळ दर महिन्याला जाहीर करावा, आणि पुढची मदत त्या आकड्यांवर ठरावी.

एक उपप्रश्न विचारतो. जोडवाहतुकीच्या १९९२ च्या निर्देशात सवलतीसाठी समुद्रावरचा टप्पा सरळ रेषेत १०० किलोमीटरपेक्षा जास्त आणि रस्त्यावरचा टप्पा बंदरापासून १५० किलोमीटरच्या त्रिज्येत असावा, अशी अट आहे. ती ठेवावी की बदलावी?

आडाखा

बदलावी. सरळ रेषेतले अंतर डोंगर आणि खाड्या मोजत नाही. शिवाय १५१ किलोमीटरवरच्या कारखान्याने सवलत गमावावी, याला काहीच तर्क नाही. आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात अंतराऐवजी बाह्य खर्चातील बचत हा निकष सुचवला होता. दिशा योग्य आहे.

टपालखाते

आडाखा, दिशा योग्य असली तरी प्रत्येक फेरीची बचत सिद्ध करण्यासाठी मालधन्याला नवा तक्ता भरावा लागणार असेल, तर लहान व्यापारी सवलतच मागणार नाही. अंतराची अट अन्यायकारक असेल, पण नकाशावर पट्टी ठेवून ती कोणालाही तपासता येते. हिशेब करायचा तर तो यंत्रणेने आपणहून करावा, त्यासाठी लागणारी सगळी माहिती वाहतुकीच्या कागदपत्रांत आधीच असते.

साडेतेरा_मीटर

टपालखाते यांच्याशी सहमत. त्या माहितीत कंटेनरचा प्रकारही नोंदवला जावा, म्हणजे रुंद डबे कोणत्या मार्गांवर फिरतात आणि कुठल्या बंदरांत ते उचलण्याची सोय नाही, हे निदान कळेल.